बावीस ओळींचा तक्ता आणि दोन फोन

मे २०२४ मध्ये कराडला विज्ञान शिक्षकांचे एक छोटे शिबिर होते. जेवणाच्या सुट्टीत दोन शिक्षक आमच्यापाशी एक कागद घेऊन आले. एक होते सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातल्या डोंगरातील एका शाळेचे गुरुजी. दुसऱ्या सांगलीजवळच्या, कृष्णाकाठच्या एका शाळेतल्या बाई. दोघांनाही नवा फोन घ्यायचा होता. दोघांची निवड दोनच फोनांवर येऊन थांबली होती आणि दोघांनी मिळून त्या फोनांचा तुलनात्मक तक्ता तयार केला होता.

तक्ता नेटका होता. पट्टीने आखलेल्या बावीस ओळी, डावीकडे सॅमसंग गॅलेक्सी एम३४, उजवीकडे रेडमी नोट १३. पहिला भारतात जुलै २०२३ मध्ये आला, दुसरा जानेवारी २०२४ मध्ये. बाजारात आले तेव्हा दोन्हींची किंमत सतरा-अठरा हजारांच्या घरात होती. प्रत्येक ओळीत ज्याचा आकडा मोठा त्याला एक गुण. नऊ ओळींत बरोबरी, सहा ओळींत सॅमसंग पुढे, सात ओळींत रेडमी. म्हणजे एका गुणाने रेडमी विजयी. "सर, आमचा हिशेब बरोबर आहे ना? मग दोघांनीही हाच घ्यावा का?" असा त्यांचा प्रश्न होता.

बेरीज बरोबर होती. तरीही आम्ही त्यांना थोडे थांबायला सांगितले. अठरा हजार रुपये ही शिक्षकाच्या घरात सहज बाजूला काढण्याची रक्कम नाही. शिवाय हा फोन एकट्या शिक्षकाचा राहत नाही. शाळेची माहिती भरणे, मुलांना चित्रफीत दाखवणे, संध्याकाळी घरच्या मुलाचा अभ्यास, अशी सगळी कामे त्याच एका यंत्रावर होतात. निवड चुकली तर ती चूक चार वर्षे खिशात बाळगावी लागते. म्हणून त्या तक्त्याचे आम्ही एखाद्या पुस्तकाचे करावे तसे परीक्षण केले. तेच येथे मांडत आहोत. ते दोन फोन आता जुने झाले, त्यांच्या जागी नवी नावे आली. पण तक्ता करण्याची पद्धत तीच राहिली आहे आणि तिच्यातले दोषही तेच आहेत.

पहिली ओळ : मेगापिक्सेल

तक्त्यात सर्वांत वर कॅमेरा होता. रेडमी १०८ मेगापिक्सेल, सॅमसंग ५०. दुपटीहून मोठा आकडा, तेव्हा गुण रेडमीला. येथे आम्हाला आमचाच जुना अनुभव आठवला. काही वर्षांपूर्वी आम्हीही केवळ मेगापिक्सेलचा आकडा पाहून एक फोन घेतला होता आणि सप्टेंबरात कासच्या पठारावर गेलो होतो. दवबिंदूच्या पानावरचे चिकट केस आणि सीतेच्या आसवांची जांभळी फुले यांची शंभरेक छायाचित्रे काढली. घरी येऊन मोठी करून पाहिली तर केसांच्या जागी नुसता लालसर धूर! कंपनीने आकडा खोटा दिला नव्हता. त्या आकड्याचा अर्थ आम्ही चुकीचा लावला होता.

अर्थ असा. भिंगातून आलेला प्रकाश एका चिमुकल्या पट्टीवर पडतो. तिच्यावर प्रकाश टिपणारे लक्षावधी चौकोनी ठिपके असतात. दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. रेडमीच्या पट्टीवर १२,००० गुणिले ९,००० ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपक्याची बाजू ०.६४ मायक्रोमीटर आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड धरला, तर एका केसाच्या रुंदीत असे शंभराहून अधिक ठिपके मावतील. गुणाकार केला तर सगळी पट्टी सुमारे ७.७ मिलिमीटर लांब आणि ५.८ मिलिमीटर रुंद भरते. हाताच्या करंगळीच्या नखाहूनही ती लहान आहे.

आता प्रकाशाकडे वळू. प्रकाश हा तरंग आहे, आणि गोल छिद्रातून जाताना तो थोडा पसरतो, हे अकरावी-बारावीचे विद्यार्थी शिकतात. त्यामुळे दूरच्या एका बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती बनते. तिचा व्यास २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले भिंगाचा एफ-अंक इतका असतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर आणि या भिंगाचा एफ-अंक १.७ घेतला, तर उत्तर येते सुमारे २.३ मायक्रोमीटर. ठिपका ०.६४ चा आणि प्रकाशाची चकती २.३ ची! एका बिंदूचा प्रकाश तीन-साडेतीन ठिपक्यांच्या रुंदीवर पसरतो. जाड टोकाच्या खडूने आलेख कागदावर लिहावे तसे हे झाले. चौकोन कितीही बारीक केले तरी रेघ खडूइतकीच जाड राहणार.

हे कंपन्यांच्या अभियंत्यांना उत्तम ठाऊक असते. म्हणून नेहमीचे छायाचित्र काढताना फोन शेजारचे ठिपके एकत्र करून त्यांचा एक मोठा ठिपका बनवतो. १०८ मेगापिक्सेलच्या या पट्टीत नऊ ठिपक्यांचा एक होतो, तर ५० मेगापिक्सेलच्या पट्टीत सामान्यतः चारांचा एक. भागाकार करा. १०८ भागिले ९ म्हणजे १२. ५० भागिले ४ म्हणजे १२.५. ज्या ओळीत एक फोन दुपटीने पुढे दिसत होता, त्या ओळीत रोजच्या वापरात दोघे जवळजवळ बरोबरीत आले. सारे ठिपके सुटे ठेवून छायाचित्र काढण्याची सोय असते आणि भर उन्हात तिचा थोडा फायदाही होतो. तरी तो दुप्पट नसतो.

मग कॅमेऱ्याचा दर्जा ठरतो कशाने? एक म्हणजे पट्टीच्या क्षेत्रफळाने. जितके मोठे अंगण तितका पाऊस जास्त साठतो, तसा मोठ्या पट्टीवर जास्त प्रकाश पडतो. जाहिरातीत हा आकडा क्वचितच ठळक छापतात आणि तक्त्यात त्याची ओळच नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे कंपरोधक भिंग. हाताचा सूक्ष्म कंप ओळखून भिंग त्याच्या उलट दिशेला किंचित सरकते आणि प्रतिमा स्थिर राहते. ही सोय त्या सॅमसंगमध्ये होती, त्या रेडमीत नव्हती. तक्त्यात तिला एकच गुण होता, मेगापिक्सेललाही एकच.

पावसाळ्यात पाटणच्या डोंगरातल्या शाळेची खोली अंधारी असते. तेथे वहीचे किंवा फळ्याचे छायाचित्र घ्यायला फोन एक-दशांश सेकंदापर्यंत झडप उघडी ठेवतो. तेवढ्यात हात हलतो आणि अक्षरे पसरतात. तेथे कंपरोधक भिंगाचे खरे काम आहे. मात्र कासच्या वाऱ्यावर डोलणाऱ्या फुलासाठी ते निरुपयोगी ठरते. तेथे हलतो तो हात नव्हे, फूल! ते थांबवण्याचा उपाय भरपूर उजेड, कमी वेळ आणि फुलाच्या बाजूला वाऱ्याआड बसलेला एखादा विद्यार्थी. एकच सोय एका कामाला अनमोल आणि दुसऱ्याला शून्य मोलाची. तक्त्याला ही गोष्ट सांगताच येत नाही.

मिलीअँपिअर-तास म्हणजे ऊर्जा नव्हे

दुसरी मोठी ओळ बॅटरीची. सॅमसंग ६,००० मिलीअँपिअर-तास, रेडमी ५,०००. गुण सॅमसंगला. आकडा मोठा हे खरे, पण तो विद्युतभाराचा आहे. ऊर्जा काढायची तर त्याला विभवांतराने गुणायला हवे. फोनच्या लिथियम बॅटरीचे सरासरी विभवांतर साधारण ३.८५ व्होल्ट धरू. पहिल्यात ६ गुणिले ३.८५ म्हणजे सुमारे २३ वॅट-तास, दुसऱ्यात सुमारे १९. फरक चार वॅट-तासांचा. घरच्या वीजबिलाच्या भाषेत २३ वॅट-तास म्हणजे एका युनिटचा चाळिसावा-पन्नासावा भाग. वर्षभर रोज पूर्ण चार्जिंग केले आणि वाटेतली गळती धरली, तरी फोन दहा-बारा युनिटे खातो. वर्गात हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. फोनच्या चार्जिंगला किती वीज लागते याबद्दलचे त्यांचे अंदाज फार गमतीचे निघतात.

चार्जिंगची ओळ स्वतंत्र होती. तिथे रेडमी ३३ वॅट आणि सॅमसंग २५ वॅट. नुसता भागाकार केला तर रेडमी ३५ मिनिटांत आणि सॅमसंग ५५ मिनिटांत भरायला हवा. प्रत्यक्षात दोघांनाही बराच जास्त वेळ लागतो. बॅटरी भरत आली की विद्युतप्रवाह हळूहळू कमी करावा लागतो, नाहीतर ती तापते आणि लवकर खराब होते. छापलेला वॅटचा आकडा हा फक्त सुरुवातीच्या टप्प्यातला जोर असतो. हंडा काठापर्यंत भरत आला की आपण नळ बारीक करतो, तसेच हे आहे.

आणखी एक गोष्ट डोंगरातल्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. फोनची बॅटरी पडद्याइतकीच रेडिओ लहरींवरही खर्च होते. मनोरा दूर असला किंवा मध्ये डोंगर आला, तर फोन स्वतःचे प्रक्षेपण वाढवतो, म्हणजे जणू मोठ्याने ओरडतो. त्यामुळे सांगलीत दोन दिवस पुरणारी बॅटरी पाटणच्या खोऱ्यात दीड दिवसातच संपली तर फोनला दोष देऊ नये. हीच गोष्ट किरणोत्सर्गाच्या भीतीलाही लागू आहे. शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ ऊर्जेची मर्यादा भारतात किलोग्रॅममागे १.६ वॅट आहे आणि विकायच्या प्रत्येक फोनला ती पाळावी लागते. फोनवर *#०७# दाबले की त्याचा आकडा दिसतो. तो आकडा कमाल प्रक्षेपणाचा असतो. मर्यादेच्या आतल्या दोन फोनांपैकी ०.९ वाला चांगला आणि १.१ वाला वाईट, असा गुण देण्यात फारसा अर्थ नाही.

'फाइव्ह-जी आहे' म्हणजे काय आहे?

नऊ बरोबरीच्या ओळींत एक होती फाइव्ह-जीची. दोघांपुढे बरोबरची खूण. पण फाइव्ह-जी ही एक लहर नाही. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू झाली, तेव्हा ७०० मेगाहर्ट्झ आणि ३,३०० मेगाहर्ट्झ असे फार वेगळे पट्टे तिच्यासाठी लिलावात गेले होते. प्रकाशाच्या वेगाला वारंवारितेने भागा. पहिल्या पट्ट्याची तरंगलांबी सुमारे ४३ सेंटिमीटर येते, दुसऱ्याची ९. लांब तरंग डोंगराच्या कडेला वळसा घालून पलीकडे अधिक पोहोचतात आणि भिंतीतूनही बरे शिरतात. आखूड तरंगांत जास्त माहिती मावते, पण ते डोंगराआड अडतात. सांगलीच्या सपाटीवर आणि सह्याद्रीच्या घळीत एकाच खुणेचा अर्थ एक नाही. तेव्हा दुकानदाराला "फाइव्ह-जी आहे का?" असे विचारण्यापेक्षा आपल्या गावात कोणत्या कंपनीचा कोणता पट्टा येतो ते शोधावे आणि फोनच्या तपशिलात तो पट्टा आहे का ते पाहावे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे शाळेतल्या सहकाऱ्यांचे तीन-चार फोन खिडकीत ओळीने ठेवून कोणाला लहर मिळते ते पाहावे.

पाणी : छापलेले आणि नदीचे

रेडमीला आयपी ५४ असा दर्जा होता. त्या सॅमसंगच्या तपशिलात असा दर्जा दिलेला नव्हता. या दोन अंकांपैकी पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. पाच म्हणजे थोडी धूळ शिरली तरी काम अडत नाही, चार म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेल्या शिंतोड्यांपासून संरक्षण. चार म्हणजे बुडवले तरी चालते असे मुळीच नव्हे. बुडण्यासाठी सात आणि आठ हे अंक आहेत, आणि तेही ठरावीक खोलीला, ठरावीक वेळेपुरते व स्वच्छ पाण्यासाठी.

सांगलीकरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या गढूळ पाण्यात कोणत्याही आयपी अंकाचा भरवसा धरू नये. पण रोज पावसात दुचाकीवरून शाळेला जाणाऱ्या बाईंच्या पर्समधल्या फोनला शिंतोड्यांपासूनचे संरक्षण उपयोगी आहे. पुराच्या दिवसांत वीज जाते तेव्हा बॅटरी मोठी हवी, हेही तितकेच खरे. येथे आम्हाला एक जुना व्यावहारिक नियम आठवतो. जे बाहेरून जोडता येते त्याला कमी वजन द्यावे, जे जोडता येत नाही त्याला जास्त. चार वॅट-तासांची कमतरता एका साध्या पॉवर बँकेने भरून निघते. दहा हजार मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे तिच्या आतल्या ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॅट-तास. वाटेतली गळती सोडली तरी एक पूर्ण चार्जिंग तिच्यातून मिळते. पण कंपरोधक भिंग किंवा शिंतोड्यांना अडवणारी रबरी कड नंतर विकत आणून बसवता येत नाही.

तक्त्यात नसलेल्या ओळी

एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करताना त्यात काय नाही हेही पाहावे लागते. या तक्त्यात तीन ओळी नव्हत्या.

पहिली, सुरक्षा-सुधारणांची. फोनमधल्या प्रणालीत चोरवाटा सापडत राहतात आणि कंपनी त्या वेळोवेळी बुजवते. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार आणि विद्यार्थ्यांची माहिती आहे, त्याला हे काम किती वर्षे मिळणार, हा प्रश्न कॅमेऱ्याच्या आधी विचारायला हवा. एम३४ साठी सॅमसंगने चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा असे आश्वासन दिले होते. समोरच्या फोनसाठीही हाच प्रश्न विचारून दोन्ही उत्तरे शेजारी लिहावीत. अठरा हजारांचा फोन पाच वर्षे चालला तर वर्षाला ३,६०० रुपये पडतात, तीनच वर्षे चालला तर ६,०००. यात एक मेख आहे. ही वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षे दुकानात पडून राहिलेला फोन दिवाळीच्या सवलतीत दोन हजारांनी स्वस्त मिळाला, तरी त्याचे दोन वर्षांचे आयुष्य आधीच खर्च झालेले असते.

दुसरी ओळ संवेदकांची. विज्ञान शिक्षकाच्या हातातला फोन म्हणजे एक छोटी प्रयोगशाळा आहे. जर्मनीतील आखेन येथील तांत्रिक विद्यापीठाने २०१६ मध्ये 'फायफॉक्स' नावाचे विनामूल्य साधन तयार केले. त्याच्या साहाय्याने फोनमधले त्वरणमापक, चुंबकमापक, ध्वनिग्राहक यांची मोजमापे थेट आलेखावर पाहता येतात. फोन मऊ पिशवीत घालून एक मीटर लांबीच्या दोरीला टांगा आणि हलका झोका द्या. त्वरणाच्या आलेखावरून आवर्तकाल मोजा. तो दोन सेकंदांच्या आसपास येईल आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढता येईल. लांबी मोजताना ती दोरीच्या गाठीपाशी न संपवता फोनच्या मध्यापर्यंत घ्यावी, नाहीतर उत्तर बिघडते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या भागाने सोसला, तेथील मुलांना टेबलावर ठेवलेल्या फोनने शेजारच्या पावलांची कंपने टिपलेली दाखवली की भूकंपमापकाचे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. अँड्रॉइड फोनांच्या अशाच त्वरणमापकांचे जाळे वापरून भूकंपाची सूचना देणारी सेवा गूगलने २०२३ मध्ये भारतात आणली.

या दोन्ही फोनांत त्वरणमापक होता. पण हवेचा दाब मोजणारा संवेदक दोघांतही नव्हता. तो असता तर साताऱ्याच्या मुलांना अजिंक्यतारा चढताना प्रत्येक शंभर मीटरला दाब साधारण १० ते ११ हेक्टोपास्कलने उतरताना दिसला असता. शाळेसाठी फोन घेणाऱ्याच्या तक्त्यात या ओळीला एक गुण द्यायचा की पाच, हे त्याने स्वतःच ठरवायचे आहे.

तिसरी ओळ वजनाची. सॅमसंग २०८ ग्रॅम, रेडमी सुमारे १७४. चौतीस ग्रॅम म्हणजे फार नव्हे. पण वर्गात एका हातात फोन धरून पाऊण तास चित्रफीत दाखवणाऱ्या मनगटाला विचारून पाहावे.

गुणांची बेरीज

आता मूळ दोषाकडे येतो. शिक्षकांना हे सर्वांत लवकर पटेल. मराठीचे ७० आणि गणिताचे ४० मिळून ११० होतात, पण त्या बेरजेवरून मुलगा अभियांत्रिकीला जावा की पत्रकारितेला, हे कळत नाही. तक्त्यात तर याहून वाईट झाले होते. तेथे वॅट, मिलीअँपिअर-तास आणि मेगापिक्सेल यांची बेरीज केली होती. किलोग्रॅममध्ये मीटर मिळवू नयेत हे आपण आठवीच्या मुलाला शिकवतो आणि फोन घेताना स्वतः विसरतो! त्यात काही ओळी एकमेकींच्या सावल्या होत्या. कॅमेऱ्याच्या पाच ओळी होत्या, टिकाऊपणाची एक. म्हणजे आपल्याला नकळत कॅमेऱ्याला पाचपट वजन दिले गेले. आणि हे वजन कोणी ठरवले? जाहिरात ज्या क्रमाने छापली होती, त्या क्रमाने.

आमचे म्हणणे तक्ता करू नये असे नाही. तक्ता करावाच. फक्त त्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि फोनचे नावही न काढता आपली रोजची पाच कामे महत्त्वाच्या क्रमाने लिहावीत. मग प्रत्येक कामाला फोनचा कोणता गुण लागतो ते लिहावे. जी ओळ कोणत्याच कामाशी जोडली जात नाही ती खोडावी, आकडा कितीही मोठा असो. जी गोष्ट नसेल तर काम अडते, तिला गुण देऊ नयेत. ती अट मानावी आणि अट न पाळणारा फोन तेथेच बाद करावा. उरलेल्या दोन-चार ओळींवर मन बसवावे. शेवटी तो फोन कोणा ओळखीच्याकडून अर्धा तास मागून आपल्याच खोलीत, आपल्याच अंगणात वापरून पाहावा.

हा धडा या परिसराला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातल्या माळरानावर कारखाना काढला, तेव्हा लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असा समज पुष्कळ शेतकऱ्यांत होता. कागदावरच्या वर्णनाने असा समज जात नाही. नांगराची परीक्षा शेवटी रानातच होते. फोनचेही रान असते, आणि ते प्रत्येकाचे वेगळे.

त्या दिवशी दोघांनी कोऱ्या कागदावर कामे लिहिली. गुरुजींच्या कागदावर आले : अंधाऱ्या खोलीत वह्या-नोंदींची छायाचित्रे, वाड्यांवर पायी फिरताना दिवसभर टिकणारा फोन आणि पाच वर्षे दुसरा फोन न घेणे. बाईंच्या कागदावर : पावसातला रोजचा प्रवास, सकाळच्या घाईत पटकन होणारे चार्जिंग आणि हातात धरायला हलका फोन. गुरुजींनी सॅमसंग घ्यायचे ठरवले, बाईंनी रेडमी. मूळ तक्त्याच्या हिशेबाने दोघांपैकी एकजण चुकत होता. आमच्या मते दोघेही बरोबर होते.

जाता जाता बाईंनी एक गोष्ट सांगितली आणि ती आमच्या मनात राहिली. त्यांच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले दूरचित्रवाणी संच व फोन बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात. "फोन घ्यायचा, पण तो बाजूला कधी ठेवायचा ही ओळही माझ्या कागदावर लिहून ठेवते," असे त्या म्हणाल्या. ती तेविसावी ओळ आम्हालाही सुचली नव्हती.

शिक्षकमित्रांनो, आठवी ते दहावीच्या वर्गात हा उपक्रम एका तासात होतो. दोन फोनांच्या जाहिराती मुलांना द्या, आधी कामांचा कागद लिहायला लावा आणि मग तक्ता. प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहायला सांगा आणि एकक नसलेला आकडा बाद करा. मुलांनी केलेल्या तक्त्यांपैकी एखादा आमच्याकडे जरूर पाठवा, विशेषतः ज्यात मोठ्या आकड्याचा फोन हरला आहे असा.